प्लेग आणि शेजारधर्म

माझी दादी प्लेगला प्लेग म्हणत नसे. ती म्हणायची, ‘गाठीचा ताप’. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडू लागले, की सारा गाव भांडीकुंडी डोक्यावर घेऊन माळावर जायचा, झोपड्या घालून राहायचा. ‘आधी उंदीर जातो, मग माणूस,’ असं ती सांगायची. दादीला अक्षरओळख नव्हती. पण तिला जे ठाऊक होतं, ते १३४८ साली पॅरिसच्या विद्यापीठातल्या वैद्यांना ठाऊक नव्हतं. राजानं त्यांना साथीचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, की तीन वर्षांपूर्वी शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले आणि त्यामुळे हवा बिघडली.

चौदाव्या शतकातली ती साथ माणसाच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण साथींपैकी एक. ‘काळा मृत्यू’ हे नाव तिला पुढं मिळालं. त्या काळचे लोक तिला नुसती ‘मोठी मरी’ म्हणत. ती आली कुठून? मध्य आशियातल्या इसिक-कुल सरोवराजवळ एक जुनं कबरस्तान आहे. तिथल्या १३३८-३९ सालच्या कित्येक कबरींवर मृत्यूचं कारण ‘मरी’ असंच कोरलेलं आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूंचा अंश सापडल्याचं संशोधकांनी २०२२ साली जाहीर केलं. म्हणजे साथीचा उगम याच मुलखाच्या आसपास असावा.

तिथून ती व्यापाराच्या वाटेनं पश्चिमेकडे सरकली. काळ्या समुद्राकाठच्या काफा बंदरात इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांची पेठ होती. १३४६च्या सुमारास मंगोल फौजेनं तिला वेढा घातला होता आणि त्या फौजेतच प्लेग शिरला. वेढा घालणाऱ्यांनी आपलीच प्रेतं यंत्रांनी तटाच्या आत फेकली, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती लिहून ठेवणारा माणूस मात्र बहुधा तिथं हजर नव्हता. शिवाय प्लेगला असल्या युक्तीची गरजही नव्हती. जहाजात धान्य असतं, धान्याबरोबर उंदीर असतात आणि उंदरांच्या अंगावर पिसवा. जंतूंनी उंदीर मेला, की भुकेल्या पिसवा माणसाला चावतात. काही दिवसांत ताप चढतो, जांघेत, काखेत किंवा मानेवर गाठ येते. रोग फुप्फुसात उतरला, तर खोकल्यातूनही पसरतो. माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवाही त्या साथीत वाहक असाव्यात, असं काही अभ्यासकांना आता वाटतं.

ऑक्टोबर १३४७मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात जहाजं लागली. त्याच सुमारास रोग इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातही उतरला. १३४८मध्ये फ्लोरेन्स, पॅरिस, कैरो, दमास्कस आणि लंडन गाठलं. १३५१पर्यंत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं गेली होती. काही अभ्यासक हा आकडा निम्म्यापर्यंत नेतात.

एवढी माणसं जातात, तेव्हा उरलेल्यांचं काय होतं? इंग्लंडात शेतं उभी होती. पण कापायला हात नव्हते. मजूर जास्त मजुरी मागू लागले. राजानं १३४९मध्ये हुकूम काढला आणि १३५१मध्ये संसदेनं कायदा केला, की मजुरी साथीपूर्वी होती तेवढीच राहील. पण टंचाई कायद्याला जुमानत नाही. मजुरी वाढत गेली, वेठबिगारीचे फास सैल झाले आणि १३८१मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी मोठं बंडही केलं. इजिप्तमध्ये मात्र उलट झालं. नाईलचे बांध आणि कालवे सांभाळायला माणसं उरली नाहीत, शेती ढासळली. रोग एकच होता, पण देशोदेशीची व्यवस्था वेगळी होती, म्हणून परिणामही वेगळे झाले.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडतात ती दोन शहरं. पहिलं स्ट्रासबर्ग. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं म्हणून साथ आली, अशी अफवा उठली. छळ करून कबुलीजबाबही मिळवले गेले. पोप सहावे क्लेमेंट यांनी फर्मान काढून बजावलं, की या रोगानं ज्यूही मरताहेत आणि ज्यू जिथं राहत नाहीत तिथंही साथ आहे. कुणी ऐकलं नाही. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं गेलं. आणि प्लेग? तो तेव्हा त्या शहरात पोचलाही नव्हता.

दुसरं शहर दमास्कस. प्रवासी इब्न बतूता १३४८च्या उन्हाळ्यात तिथं होता. हा आपल्या दौलताबादेतही येऊन गेलेला. किल्ल्याच्या अंधारकोठडीतल्या, मांजरांनाही पळवून लावणाऱ्या उंदरांची हकीकत त्यानं लिहिली आहे. दमास्कसमध्ये त्यानं पाहिलं, की शहरानं तीन दिवस रोजे धरले आणि मग सारे रस्त्यावर आले. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन. अमीर-उमरावही अनवाणी चालत होते. अशा गर्दीनं साथ थांबत नसते, हे खरं. पण त्या दिवशी तिथं शेजाऱ्याकडे कुणी संशयानं पाहिलं नाही. पुढं बतूता घरी परतला, तेव्हा वाटेतच त्याला कळलं, की आपली आई याच मरीनं गेली.

विचार करणारेही होते. ग्रानाडाच्या इब्न अल्-खतीबनं लिहिलं, की रोग स्पर्शानं आणि कपड्यांतून पसरतो, हे अनुभवानं सिद्ध आहे. १३७७मध्ये आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकनं साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढं त्या तिसाचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ आला. प्लेगचा जंतू सापडला तो १८९४मध्ये, हाँगकाँगला. पिसवांचा वाटा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत शोधला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १८९७मध्ये पुण्यात सावित्रीबाई गेल्या. आज प्लेग वेळेवर औषध मिळालं, तर बरा होतो.

संशयावर मात्र औषध नाही. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला पलीकडच्या वसाहतीत कुणी तरी आधी नाव विचारलं आणि ते ऐकून भाजी घेतलीच नाही. तो गाडी वळवून परत आला. त्याच आठवड्यात माझी बायको तापानं पडली होती. समोरच्या काकू रोज दारात डबा ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि चार पावलं मागं सरून उभ्या राहायच्या. अंतर त्यांनीही राखलं होतं.

दादीच्या थोरल्या भावाला माळावर गाठ आली होती. तो वाचला नाही. पण त्याच्या झोपडीसमोर रोज पाण्याची घागर कोण ठेवून जायचं, हे दादी मरेपर्यंत विसरली नाही. ती शेजारची सुतारीण होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)