अनेकांची एक खूण : सामूहिक व्यापारचिन्हाची ओळख

बाजारात वस्तू घेताना गिऱ्हाईक प्रथम तिच्यावरील खूण पाहते. मोठ्या कारखान्याला आपली खूण घडविणे आणि ती लोकांच्या मनावर ठसविणे परवडते. परंतु घरोघरी बसून काम करणाऱ्या शंभर कारागिरांनी काय करावे? प्रत्येकाची निराळी खूण कोणाच्याच लक्षात राहणार नाही. यावर उपाय एकच : सर्वांनी मिळून एक खूण धारण करावी. तिलाच कायद्याच्या भाषेत सामूहिक व्यापारचिन्ह म्हणतात.

औद्योगिक मालमत्तेसंबंधीच्या पॅरिस करारात अशा चिन्हांना १९११ साली स्थान मिळाले. भारतात १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाने त्यांची स्वतंत्र तरतूद केली आणि तो अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्यानुसार चिन्हाची मालकी संघाकडे राहते, वापर मात्र सभासद करतात. भागीदारी संस्थेस हे चिन्ह घेता येत नाही.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण ही तिची परंपरागत वैशिष्ट्ये होत. २०१८-१९ या वर्षात तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी असून त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन संस्थेने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. त्यावरून झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली; याचिकाकर्ते त्या निर्देशनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. दाद मागण्याचा आणि करार करण्याचा अधिकार नोंदवहीत ज्याचे नाव असते त्याच्याकडे जातो, हे यावरून स्पष्ट होते.

भौगोलिक निर्देशन हे प्रदेशाचे असते. सामूहिक चिन्ह हे संघाचे असते. म्हणून ‘कोल्हापुरी’ हा शब्द कोणा एका संघाला आपल्यापुरता राखून ठेवता येणार नाही. परंतु एखाद्या गावच्या कारागिरांचा संघ त्या शब्दाच्या जोडीला आपली निराळी आकृती वा नाव नोंदवू शकेल.

नोंदणीची वाट पुढीलप्रमाणे आहे. प्रथम संघाने नियमावली तयार करावी. चिन्ह कोणी वापरावे, सभासद होण्याच्या अटी कोणत्या, वापराचे निर्बंध कोणते आणि गैरवापर करणाऱ्यास कोणती शिक्षा, हे तीत नमूद असावे लागते. ती अर्जासोबत व्यापारचिन्ह निबंधकाकडे सादर करावी. मालाचा वर्गही सांगावा लागतो. पादत्राणे २५ व्या वर्गात मोडतात. चिन्ह लोकांची दिशाभूल करणारे नसावे. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो शासकीय नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांपर्यंत कोणासही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. चिन्हाचा भंग झाल्यास संघ न्यायालयात जाऊ शकतो आणि सभासदांना सोसावे लागलेले नुकसान न्यायालय विचारात घेते.

नियमावलीला इतके महत्त्व का, हे सहज कळण्यासारखे आहे. एका सभासदाने निकृष्ट कातडे वापरून तीच खूण उमटविली, तर फसलेले गिऱ्हाईक त्या एकाला नव्हे, सर्वांनाच दोष देते. म्हणूनच नियमावली कोणासही पाहावयास खुली असते आणि संघाने तिचे पालन करवून घेतले नाही, तर नोंदणी रद्दही होऊ शकते. तेव्हा संघाने चित्रकाराकडून खूण काढवून घेण्यापूर्वी सर्व सभासदांना एकत्र बसवून कातडे कोणते, शिवण कशी, तपासणी कोणी करावी आणि चुकणाऱ्याला काय शासन द्यावे, हे ठरवून घ्यावे. खुणेची पत त्या ठरावाच्या पालनावर अवलंबून राहील.