मालगाडीचे कर्मचारी: ड्युटी, मुक्काम, घर

गाडीवर कोण? इंजिनात लोको पायलट व सहायक लोको पायलट. शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये ट्रेन मॅनेजर. २०२२ पर्यंत पदनाम ‘गार्ड’. बोलण्यात आजही तेच.

बोलावणे: मालगाडीला ठरलेली वेळ नाही. साधारण दोन तास आधी निरोप. पूर्वी कॉल बॉय दार ठोठावी, आता फोन वाजतो. हजेरीला श्वासचाचणी.

मुख्यालय: नेमणुकीचे ठिकाण, उदा. भुसावळ. ड्युटी ८ तास वा अधिक झाल्यास विश्रांती १६ तास. कमी असल्यास १२.

रनिंग रूम: बाहेरगावचा मुक्काम. ८ तासांच्या ड्युटीनंतर ८ तास विश्रांती. शिधा आपला, रांधणारा आचारी तिथला, ही जुनी रीत.

घराबाहेर: परतण्याची मर्यादा ७२ तास. लोको पायलटांच्या संघटनांची मागणी ३६ तासांची.