शेक नव्हे, प्रकाशाची मात्रा

हापूसच्या हंगामात रत्नागिरीच्या बागांतून लांब काठीचा घळ डोक्यावर धरून दिवसभर आंबा उतरवणाऱ्यांचे खांदे व कोपर, आणि मिरकरवाडा बंदरात जाळी ओढणाऱ्यांच्या माना व कंबरा ज्या प्रकारे दुखावतात, त्या दुखण्यांवर फिजिओथेरपिस्ट जे अनेक उपाय योजतात त्यांत लेझरचाही समावेश होतो. रुग्ण त्याला सहज 'लेझरचा शेक' म्हणतात. परंतु शेकाने ऊब मिळते, तर मंद शक्तीच्या लेझरचा प्रोब त्वचेवर टेकवला असता बहुधा काहीच जाणवत नाही, आणि याच कारणाने कित्येकांना यंत्र बंद असल्याची शंका येते.

लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रकाश. उपचारासाठी तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण या पट्ट्यातील प्रकाश रक्त व पाणी यांच्याकडून तुलनेने कमी शोषला जातो आणि त्वचेखाली काहीसा खोल पोहोचतो. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रियामधील) एक विकर हा प्रकाश शोषते, पेशीतील ऊर्जानिर्मिती वाढते, दाह उतरतो व ऊती भरून येण्यास मदत होते, असे या परिणामाचे आजचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. या पद्धतीला आता फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात.

तिचा शोध मात्र फसलेल्या प्रयोगातून लागला. पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत तयार झाल्यावर काही वर्षांतच बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांनी माणिक-लेझरने उंदरांतील गाठी नष्ट होतात का, हे तपासले; त्यांच्या यंत्राची शक्ती कल्पनेपेक्षा फारच कमी होती, त्यामुळे गाठी जागच्या जागी राहिल्या, परंतु भादरलेल्या त्वचेवरील केस मात्र लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच मंद प्रकाश वापरून पाहिला.

आज सर्वांत भक्कम पुरावा दुखऱ्या सांध्यांचा नसून तोंडातील व्रणांचा आहे, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार व औषधोपचार एकत्र घेताना तोंड सोलवटते आणि घास गिळणे अशक्य होते. रत्नागिरीहून कोकण रेल्वेनेच जाता येते त्या मणिपालच्या संशोधकांनी अशा २२१ रुग्णांवर ६३२.८ नॅनोमीटरच्या तांबड्या लेझरची चाचणी घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार लेझर मिळालेल्या गटात तीव्र व्रण व वेदना लक्षणीय कमी आढळल्या. तंबाखूने तोंडाचे कर्करोग वाढवलेल्या प्रदेशात ही बाब कंबरदुखीपेक्षा अधिक मोलाची मानावी लागते.

मानदुखीबाबत 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली १६ चाचण्यांचा व ८२० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात जुनाट दुखण्याला उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम दिसला. कंबरदुखीचा पुरावा मात्र कच्चा आहे.

निकालांतील या तफावतीमागे बऱ्याच अंशी मात्रा असते. १०० मिलिवॉटचा लेझर एका बिंदूवर ४० सेकंद धरला तर ४ ज्यूल ऊर्जा मिळते. तोच १० सेकंदांत उचलला तर १ ज्यूल, म्हणजे बहुधा निव्वळ देखावा. उलट अति मात्रेने परिणाम पुन्हा घटतो. ५०० मिलिवॉटपेक्षा प्रबळ, चौथ्या वर्गातील यंत्रे मात्र खरोखर तापवतात, सावळी त्वचा अधिक प्रकाश शोषत असल्याने लवकर भाजू शकते, आणि म्हणून तेथे प्रोब सतत फिरता ठेवावा लागतो.

कर्करोगाच्या गाठीवर अथवा गरोदर स्त्रीच्या पोटावर हा प्रकाश देत नाहीत. व्यायाम व विश्रांतीला तो पर्याय नव्हे. घळाची काठी दुसऱ्याच दिवशी पुन्हा हाती घेणाऱ्याचा कोपर कोणत्याही यंत्राने बरा होत नाही. उपचार घेणाऱ्याने तरंगलांबी व प्रत्येक बिंदूवरील ज्यूल किती, हे विचारून घ्यावे, आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा दिल्याखेरीज यंत्र सुरू करू देऊ नये.