पृष्ठभागांवरील नकाशांची गणती : १९६० नंतरचा मागोवा

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या रचनेला आलेख म्हणतात. कडा एकमेकींना छेदणार नाहीत आणि पृष्ठभागाचे छिद्ररहित तुकडे पडतील अशा रीतीने तो गोलावर किंवा अन्य पृष्ठभागावर मांडला, की त्या मांडणीला नकाशा ही संज्ञा लागते. असे नकाशे किती, हा प्रश्न विल्यम टट यांनी १९६० च्या दशकात हाती घेतला तो चार रंगांच्या कूटप्रश्नामुळे : गोलावरील कोणत्याही नकाशात लगतच्या तुकड्यांना वेगळे रंग देण्यासाठी चार रंग पुरतात का? सममितीमुळे गणती अवघड होते, म्हणून त्यांनी एका कडेला दिशा देऊन तिला ‘मूळ’ ठरवले, आणि १९६३ मध्ये गोलावरील न कडांच्या नकाशांचे सूत्र दिले : ३ चा न-वा घात, न-वी कॅटलन संख्या आणि २/(न+२) यांचा गुणाकार. त्यातून २, ९, ५४, ३७८ अशा संख्या मिळतात. चार रंगांचा प्रश्न १९७६ मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने, निराळ्याच वाटेने सोडवला. टट यांची गणती मात्र स्वतंत्र शाखा म्हणून वाढत राहिली.

इतर पृष्ठभागांकडे वळताना चौरसाचे उदाहरण उपयोगी पडते. त्याच्या चार बाजू जोडीजोडीने, दिशा सांभाळून, तीन प्रकारे चिकटवता येतात. लगतच्या बाजू जोडणाऱ्या दोन प्रकारांतून गोल तयार होतो, तर समोरासमोरच्या बाजू जोडल्या की मेदूवड्यासारखा एका छिद्राचा पृष्ठभाग; चिकटलेल्या बाजू त्यावरील नकाशाच्या कडा बनतात. कोणत्याही समसंख्य बाजूंच्या बहुभुजासाठी अशा जोडण्यांची छिद्रसंख्येनुसार गणती हारर आणि झागिये यांनी १९८६ मध्ये पूर्ण केली. त्याच वर्षी बेंडर आणि कॅनफिल्ड यांनी दाखवले, की छिद्रे ठरावीक असताना, कडा वाढत गेल्या की नकाशांची संख्या प्रत्येक पृष्ठभागावर १२ च्या न-व्या घाताच्या वेगानेच वाढते. छिद्रांचा परिणाम सोबतच्या न च्या घातांकापुरता राहतो, आणि दर छिद्रामागे तो ५/२ ने चढतो.

टट यांचे सूत्र इतके सुटसुटीत का, याचे उत्तर कोरी आणि वोकलँ यांच्या १९८१ च्या कामातून व शेफर यांच्या १९९८ च्या प्रबंधातून मिळाले : नकाशा उलगडून त्याचे चक्र नसलेल्या आलेखात, म्हणजे झाडात, रूपांतर होते, अशा झाडांची संख्या कॅटलन, आणि झाडाच्या प्रत्येक बिंदूवर एक अंक लिहिलेला असून प्रत्येक कडेवर तो एकाने घटतो, तसाच राहतो किंवा एकाने वाढतो, म्हणून ३ चा घात. सच्छिद्र पृष्ठभागांसाठी कॅरेल आणि शापुई यांनी २०१५ मध्ये दिलेले आवर्ती सूत्र अत्यंत कार्यक्षम आहे, परंतु ते तरंगांच्या अभ्यासातून आलेल्या केपी समीकरणांच्या आधारे सिद्ध झाले आहे. संख्या हाती येणे आणि तिचे कारण नकाशाच्याच रचनेत दिसणे यांत गोलाच्या बाबतीतही पस्तीस वर्षांचे अंतर पडले होते, आणि या क्षेत्राची खरी समृद्धी त्या अंतरातच घडली.