चोखणीमुळे बाळ आईचं दूध सोडतं का?

बाळाच्या तोंडात एकदा चोखणी गेली की ते अंगावर प्यायचं सोडतं, असं घरोघरी ठासून सांगितलं जातं. अभ्यास तसं सांगत नाहीत. पूर्ण दिवसांच्या सुमारे १,३०० निरोगी बाळांची माहिती तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात, चोखणी मिळालेली आणि न मिळालेली बाळं चार महिन्यांपर्यंत जवळपास सारख्याच प्रमाणात अंगावर पीत होती. अर्थात, अंगावरच पाजायचं असं त्या आयांनी मनाशी ठरवलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या १९८९च्या स्तनपानाविषयीच्या दहा सूत्रांत चोखणीला सरळ मनाई होती. २०१८मध्ये ‘आईला चोखणीचे धोके समजावून सांगा’ असा बदल झाला.

मग पहिल्या दिवसापासून द्यावी? माझं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असंच आहे. स्तन जितके रिकामे होतात, तितकं दूध तयार होतं. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. भूक लागली की ते मान वळवून स्तन शोधतं, मूठ तोंडात घालतं; रडणं सगळ्यात शेवटी येतं. नेमकं तेव्हा चोखणी दिली तर ते पाजणं हुकतं. असं वारंवार झालं की दूध कमी होतं, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच पुरत नाही.’ मग पावडरचा डबा येतो. खरं नुकसान इथे होतं. म्हणूनच अमेरिकेची बालरोगतज्ज्ञांची संघटना स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण ३-४ आठवडे, थांबायला सांगते. बाळ स्तन नीट पकडतंय, वजन वाढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होताहेत, हे आधी पाहा.

चोखणी म्हणजे निव्वळ वाईट खोड, हेही खरं नाही. झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांत अचानक होणारे पाळणामृत्यू कमी आढळले आहेत. झोपेत ती गळून पडली तर पुन्हा कोंबू नये. दोऱ्याने गळ्यात तर कधीच बांधू नये. नळीने दूध घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चोखायचा सराव व्हावा म्हणून नवजात अतिदक्षता विभागातही ती देतात. सहा महिन्यांनंतर मात्र कानाच्या संसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा हळूहळू कमी करावी.

आणि चोखणी मधात बुडवून देणं? अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. घरचा, शुद्ध मध असला तरीही.