शिंप्याचा मुलगा गव्हर्नर जनरल होतो

नोव्हेंबर 1930. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जेम्स स्कलिन इंग्लंडात राजे पाचवे जॉर्ज यांच्यापुढे एकच नाव धरून बसले होते : सर आयझॅक आयझॅक्स. राजांच्या मनात होते फील्ड मार्शल बर्डवूड. हे बर्डवूड आपल्या पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेले, हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती. ऑस्ट्रेलियाच्याच मातीतला माणूस तिथला गव्हर्नर जनरल, ही कल्पना राजांना पटेना. स्कलिन मात्र हटले नाहीत.

आयझॅक्स यांना अशी अडवणूक नवी नव्हती. 1855 साली मेलबर्नमध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील पोलंडहून आलेले ज्यू शिंपी. व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात, यॅकनडँडा आणि बीचवर्थ या गावांत तो वाढला. शाळेत मास्तरकी करताना पैशांवरून हेडमास्तरांशी बिनसले, प्रकरण कोर्टात गेले. 1875 मध्ये आयझॅक्स हरले. कायद्याशी पहिली गाठ पडली ती अशी! नोकरी सोडून ते मेलबर्नला आले, न्याय खात्यात लागले आणि दिवसभर नोकरी करून विद्यापीठात कायदा शिकले. 1880 मध्ये पदवी मिळाली, तीही पहिल्या वर्गात.

1892 मध्ये ते व्हिक्टोरियाच्या विधानसभेत गेले. त्यांच्या स्वभावाची खरी ओळख पुढच्याच वर्षी पटली. जमिनींच्या सट्ट्याचा फुगा फुटून बँका बुडाल्या होत्या, लोकांच्या ठेवी गेल्या होत्या. मर्कंटाइल बँकेच्या संचालकांवरचा खटला पुढे चालवायचा नाही, असे अ‍ॅटर्नी जनरलनी ठरवले. त्यांच्या हाताखालचे सॉलिसिटर जनरल आयझॅक्स म्हणाले, चालवायचाच. त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी आमदारकीही सोडली आणि थेट मतदारांकडे गेले. मतदारांनी त्यांना परत निवडून दिले. 1894 मध्ये तेच अ‍ॅटर्नी जनरल झाले.

मित्र जोडण्याची कला मात्र त्यांच्यापाशी नव्हती. ऑस्ट्रेलियाची घटना ठरवणाऱ्या 1897 च्या परिषदेत मसुदा समितीतून त्यांना ठरवून वगळण्यात आले. मसुदा इतरांनी लिहिला. पण 1906 मध्ये हाय कोर्टाचे न्यायाधीश झाल्यावर त्याच घटनेचा अर्थ लावायला आयझॅक्स बसले. 1920 च्या ‘इंजिनियर्स’ खटल्यातल्या त्यांच्या निकालपत्राने केंद्राच्या अधिकारांचे क्षेत्र रुंदावले. मसुदाकारांइतकाच हा माणूस ऑस्ट्रेलियाच्या घटनेचा शिल्पकार आहे.

जानेवारी 1931 मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी गव्हर्नर जनरलपदाची शपथ घेतली. देश मंदीत होरपळत होता. त्यांनी पगारात कपात स्वीकारली. सिडनी आणि मेलबर्नचे सरकारी वाडे सोडून ते कॅनबेरात राहिले. 1936 मध्ये त्यांच्या जागी पुन्हा ब्रिटनचे लॉर्ड गाउरी आले. ऑस्ट्रेलियात जन्मलेला दुसरा गव्हर्नर जनरल नेमला गेला 1947 मध्ये. तेव्हा आयझॅक्स हयात होते.