मैलापूर ते जॉर्जटाउन

चेन्नईला प्रथमच जाणाऱ्या मराठी माणसाला भाषेची अडचण भासते. परंतु केसांत माळलेले गजरे, कॉफीचा दरवळ आणि दारापुढची रांगोळी (तिकडे तिला कोलम म्हणतात) पाहता पाहता परकेपणा ओसरू लागतो. १९९६ पर्यंत मद्रास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गजबजलेल्या नगरात किती धर्म शेजारी शेजारी नांदतात, हे पाहायचे तर मैलापूरपासून आरंभ करावा.

तमिळ भाषेत 'मयिल' म्हणजे मोर. पार्वतीने मयूरीच्या रूपात येथे शिवाची आराधना केली, अशी कथा आहे. तेथील कपालीश्वराचे मूळ मंदिर समुद्रकिनारी होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते नष्ट झाले आणि पुढे आजच्या जागी नवे मंदिर उभे राहिले. किनाऱ्याजवळ आज सांतोमेचे शुभ्र चर्च दिसते. येशू ख्रिस्ताचे शिष्य संत थॉमस यांचे दफन येथे झाले, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. पोर्तुगिजांनी १५२३ मध्ये येथे चर्च बांधले. सध्याची उंच मनोऱ्याची वास्तू १८९६ ची. याच परिसरात प्राचीन मंदिराचे कोरीव लेख असलेले दगड सापडले. दोन धर्मांचा शेजार नेहमीच गोडीगुलाबीचा नव्हता, हे त्या दगडांवरून उमगते.

तेथून उत्तरेस ट्रिप्लिकेन लागते. 'तिरुवल्लिकेणी', म्हणजे कुमुदांचे पवित्र तळे, या नावाचे हे इंग्रजी रूप. येथील पार्थसारथी मंदिर पल्लवकालीन आहे. कृष्णाला येथे चक्क मिशा आहेत! हा कृष्ण बासरी वाजवणारा नव्हे, तर अर्जुनाचा सारथी आहे. उत्सवमूर्तीच्या मुखावरील व्रण भीष्मांच्या बाणांचे, असे भाविक मानतात.

याच वस्तीत अर्काटच्या नवाबांच्या घराण्याने १७९५ मध्ये बांधलेली वालाजाह मशीद आहे. तिच्यातील फारसी कालदर्शक लेखाचे रचनाकार राजा मख्खनलाल हे हिंदू होते. रमजानच्या महिन्यात या मशिदीच्या प्रांगणात सायंकाळी जे दृश्य दिसते, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित होऊन आलेल्या दादा रतनचंद यांनी मैलापूरला सूफीदार ही संस्था स्थापन केली. घरदार गमावलेल्या माणसाच्या मनात कटुता राहिली असती, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र रोजेदारांना उपवास सोडण्यासाठी अन्न देण्याची प्रथा पाडली. संस्थेचे स्वयंसेवक शाकाहारी अन्न रांधून आणतात आणि डोक्यावर टोपी घालून पंगतीत स्वतः वाढतात. अनेक दशके ही सेवा चालू आहे.

जॉर्जटाउनमधील आर्मेनियन चर्च १७७२ चे. रेशीम व रत्नांचा व्यापार करणारा हा समाज आता येथे जवळजवळ उरलेला नाही. तरीही आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक, 'अझ्दारार', १७९४ मध्ये निघाले ते याच शहरातून, आणि तेही एका धर्मगुरूच्या हातून! जवळच कालिकांबाळचे मंदिर आहे. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी येथे देवीचे दर्शन घेतले, असे स्थानिक लोक सांगतात. आपण महाराष्ट्रातून आलो आहोत हे कळताच ते ही हकीकत अधिकच अगत्याने ऐकवतात.